पाण्याचा दोना

आयुष्यात मी एकदाच झिंगले, आणि तेही माठातल्या पाण्यावर. त्या दिवशी ज्यांनी खरोखर ढोसली होती ते सगळे दुसऱ्या सकाळी चूळ भरून मोकळे झाले. मी सोळा वर्षांची होते, आश्रमशाळेत शिकलेली होते, आणि आमच्या अख्ख्या गावात अक्कल म्हणून काय ती देवाने माझ्याच डोक्यात ठेवली आहे, याबद्दल मला जराही शंका नव्हती. आता हात थरथरतो, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे, आणि नात म्हणते, आजी तू नुसतं लिही, टाइप मी करते. तर लिहिते. त्या सोळा वर्षांच्या शहाणीची टर उडवायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

आमचं गाव झरीच्या पुढे, शेतं संपून जंगल लागतं त्या बाजूला. आम्ही गोंड. घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, पुढे ऐसपैस अंगण आणि अंगणाच्या टोकाला मोहाचं झाड. शेत कोरडवाहू, त्यात ज्वारी, तूर, थोडी कापसाची पऱ्हाटी. उरलेलं पोट जंगल भरायचं. उन्हाळा लागता लागता पहाटे मोहाची फुलं टपटप गळायची, आणि त्या आवाजाने मला जाग यायची. अजूनही पहाटे नळ ठिबकत असला की क्षणभर वाटतं, उठावं, टोपली घ्यावी. फुलं अंगणात वाळत घातली की सगळ्या घराला गोड, जड वास यायचा. तो वास मला फार आवडे. त्या फुलांची पुढे जी दारू व्हायची तिचा वास मात्र आला की मी नाक दाबून लांब सरकायची.

घरात रोज पिणारं कोणी नव्हतं, हे आधी सांगून टाकते. नाहीतर माझ्या सुनेच्या यवतमाळातल्या मैत्रिणी लगेच जीभ चुकचुकवतात आणि मला त्यांच्यासाठी बिचारी व्हावं लागतं. पोळा, दिवाळी, बारसं, लग्न, असं काही असलं की मोहाची निघे. आधी चार थेंब जमिनीवर, पूर्वजांना. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला. मग बाकी सगळे, बाया-माणसं एकत्र, अंगणात, उजेडात, पळसाच्या पानाच्या दोन्यातून. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. परवा माझ्या नातवाचं लग्न झालं, चांगल्या मोठ्या हॉलमध्ये. तिथले पाहुणे एकेक करून गाडीतलं काहीतरी आणायला बाहेर जात होते आणि येताना बडीशेप चघळत येत होते. मी त्यातल्या एकाला विचारलं, बाबू, गाडीत काय विसरलास रे सारखा सारखा? तो असा लाजला की मलाच वाईट वाटलं. आमच्या अंगणात कोणाला लाजायचं कारण नव्हतं. लाजायचं ते मी एकटीने, कारण मी पीत नव्हते.

का पीत नव्हते, याचं कारण सांगायला हवं, आणि ते अगदीच फुसकं आहे. आश्रमशाळेत मी लहान असताना कोणी एक पाहुणे आले होते, पांढरे कपडे, बारीक आवाज. त्यांनी आम्हा सगळ्या पोरांना रांगेत उभं करून जन्मात दारूला शिवणार नाही अशी शपथ दिली आणि प्रत्येकाला एक शेंगदाण्याची चिक्की दिली. मी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले, पुन्हा शपथ घेतली आणि दुसरी चिक्की मिळवली. बाकीच्या पोरांनी एक चिक्की खाल्ली आणि शपथ विसरली. मी दोन खाल्लेल्या, त्यामुळे मला वाटे की माझी शपथ दुप्पट आहे, मोडली तर दुप्पट पाप. पुढे मोठेपणी लोकांनी माझं कौतुक केलं, बाई निग्रहाची म्हणून. त्या निग्रहाच्या मुळाशी दुसऱ्या चिक्कीची हाव होती, हे मी कोणाला कळू दिलं नाही.

तर घरात सणवार असला की माझी नेमणूक ठरलेली. बाया नाचायला उतरण्याआधी नाकातलं, कानातलं काढून माझ्या ओटीत टाकत. लहान पोरं माझ्याकडे. बकऱ्या बांधल्यात का हे बघायचं माझ्याकडे. चुलीवर मटणाचा रस्सा रटरटत असायचा, त्याच्या खालचा जाळ कमी-जास्त करणं माझ्याकडे. मला सगळे मास्तरीण म्हणायचे. अंगणात ढोल सुरू व्हायचा, बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून ढेमसा धरायच्या, आणि मी ओसरीच्या खांबाला टेकून, कडेवर कोणाचं तरी शेंबडं पोर आणि ओटीत साऱ्या बायांचे दागिने घेऊन बसायची. लोक मजेत असतात आणि आपण नसतो, एवढ्याने काही वाटत नाही. पण हळूहळू तीच माणसं बदलत. बाबा, जे एरवी दिवसाकाठी मोजकंच बोलत, ते कोणाच्याही गळ्यात पडून आपल्या मेलेल्या भावासाठी रडत. माय, जिला मी हसताना क्वचित पाहिलं, ती पदर तोंडात धरून लोळत हसे. कशाला हसली, म्हणून मी विचारायला जाई तर ती माझ्याकडे अशी बघे की जणू मी दुसऱ्या गावाहून निरोप घेऊन आलेय. सगळं घर पायी चालत कुठेतरी निघून जायचं आणि मला राखणीला ठेवायचं.

सकाळी परत यायचे. आणि त्यांच्या परत येण्याची आमच्या घरी एक रीत होती. ती सगळ्या गोंडांत आहे की नाही, मला ठाऊक नाही; आमच्या आजीने ती सुरू केली असंही असेल. सणाच्या दुसऱ्या दिवशी उजाडलं की आजी पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात उभी राहायची. ज्याने ज्याने आदल्या दिवशी घेतली त्याने पुढे यायचं, तिच्यापुढे ओंजळ धरायची, चूळ भरायची आणि अंगणाबाहेर थुंकायची. आजी प्रत्येकाला एवढंच म्हणे, "सांड कालचं." झालं. काल कोण कोणाला काय बोललं, कोणी कोणाची जुनी भांडणं उकरली, कोणी कोणाच्या बापाचा उद्धार केला, ते सगळं त्या चुळीबरोबर गेलं. त्यावर पुन्हा बोलायचं नाही, मनातही ठेवायचं नाही. बाबा आणि मोठे काका दर पोळ्याला बैलांवरून एकमेकांच्या अंगावर धावून जायचे आणि दुसऱ्या सकाळी चूळ भरून एकाच काडीच्या जाळावर बिड्या पेटवायचे.

मला त्या रांगेत जागा नव्हती. मी काही घेतलेलं नसे, म्हणजे सांडायलाही काही नसे. पण आठवत मात्र सगळं मलाच असे. कोण काय बोललं, कोणत्या आवाजात बोललं, त्यावर कोणाचा चेहरा कसा झाला. मला कोणी काही विचारत नसे, आणि त्याहून वाईट म्हणजे सकाळी माझ्याशी नजर मिळवत नसे. बाया आपापले दागिने घ्यायला यायच्या, हात पुढे करायच्या आणि बघायच्या भलतीकडे. सगळ्या घराच्या कालच्या गोष्टी पोटात घेऊन मी बकऱ्या सोडायला जायची.

या सगळ्यात माझं माणूस एकच होतं, सोना आत्या. बाबांची धाकटी बहीण. नवरा वर्षा-दोन वर्षांत तापाने गेला आणि ती परत आमच्या घरी आली, तेव्हा मी दुधाचे दात पाडत होते. आम्ही एका बाजेवर झोपायचो. तिचे पाय बारा महिने गार असत आणि ती ते माझ्या पोटऱ्यांना लावून गरम करी. मोह वेचायला आम्ही दोघीच पहाटे जायचो. ती पुढे, मी मागे, आणि ती सारखी गुणगुणत असे, शब्द नसलेलं काहीतरी. सणाच्या दिवशी आत्याही प्यायची, नाचायची, इतरांपेक्षा जरा जास्तच छान नाचायची, आणि तेव्हा ती माझी राहायची नाही. पण तिचं एक होतं. नाचता नाचता ती मध्येच ओसरीकडे बघायची.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षीच्या पोळ्याला ती नाचातून उठून माझ्याजवळ आली, माझ्या कडेवरचं पोर काढून चुलतबहिणीच्या मांडीवर ठेवलं, एक दोना घेतला आणि माठात बुडवून पाण्याने भरला. पहिल्या धारेची मोहाची पाण्यासारखीच निर्मळ दिसते. बघणाऱ्याला फरक कळत नाही. तो दोना माझ्या हातात देऊन तिने मला बायांच्या घोळक्यात नेऊन बसवलं. हातात दोना असला की कोणी काही विचारत नाही, बस इथं, म्हणाली. आणि खरंच कोणी विचारलं नाही. बायांनी सरकून जागा दिली. कोणाचा तरी घामेजलेला दंड माझ्या दंडाला लागला, आणि मी ते पाणी इतकं पुरवून पुरवून प्यायले की काय सांगू. विनोद मला अजूनही उशिरा कळत होते आणि मी सगळ्यांचं हसून झाल्यावर हसत होते, पण बसले होते तिथेच. घरच्यांना वाटलं, मास्तरीण आता जराजरा ओठ ओले करायला शिकली. सकाळी मी चुळीला गेले नाही तेव्हा आजी हसून म्हणाली होती, की ही अजून बोलण्यापुरती प्यायली कुठे आहे. त्यानंतर प्रत्येक सणाला आत्या न सांगता माझा दोना भरायची. हे आम्हा दोघींतच होतं.

आणि मग आत्याचा पाट ठरला, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. नवरदेव लच्छू म्हणून, नदीपलीकडच्या गावचा, बायको वारलेला, कमरेने जरा वाकलेला. मला तो पाहताक्षणी आवडला नाही. त्याने माझ्या बाजेवरची अर्धी जागा रिकामी करायचं ठरवलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. पण मी त्याच्या चालण्यात, खाकरण्यात, धोतराच्या काष्ट्यात खोट काढत असे. पाटाच्या आधी काही दिवस आम्ही मोह वेचत होतो तेव्हा मी आत्याला विचारलंच, की तुला हे काहून करायचं आहे. ती वाकून फुलं वेचत होती. वर न बघता तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, आणि तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात: "तुई माय वाईट नाही व पारू. उपाशी नाही ठेवत कोणाले. पण मी दुसरी भाकर घेतली का तिची नजर ताटावर येते. मले आता घास उतरत नाही." दुसरी गोष्ट तिने सरळ उभं राहून सांगितली. बाजारात लच्छूने तिला कसलीशी नक्कल करून दाखवली, कोंबडी विकणाऱ्या बाईची, आणि ती तोंड उघडं टाकून हसली. किती दिवसांनी हसली ते तिलाच कळेना. एवढं सांगून तिने मला बजावलं की हे आपल्या दोघींत. मी मान हलवली. आणि मनात एकच गोष्ट उचलून ठेवली, पहिली. दुसरी माझ्या कामाची नव्हती.

आता माझी योजना ऐका. मी विचार केला की मी जर नुसती तोंड उघडून बोलले, की आत्याला जाऊ देऊ नका, तर मला पोरगी म्हणून गप्प करतील. आणि वर मायची गोष्ट काढली तर जन्मभर घरात तोंड दाखवता येणार नाही. पण पिऊन बोलले तर? पिऊन बोललेलं सगळ्यांच्या कानावर पडतं, आणि सकाळी चूळ भरली की बोलणारा सुटतो. म्हणजे बोलणंही होईल, पाट मोडेल, आणि मला कोणी काही म्हणणारही नाही. आणि शपथही शाबूत, कारण दोन्यात पाणी. मला माझाच अभिमान वाटला. सगळं नीट जुळवलं होतं. दोन्यात पाणी कोण भरतं, एवढी एक गोष्ट माझ्या शहाण्या डोक्यातून निसटली.

पाटाच्या दिवशी दुपारपासून अंगण भरलं. बकरा कापला होता, तुरीच्या वरणाचं मोठं गंज चुलीवर, भात ओतायला पळसाच्या पानांची अंथरलेली रांग. लच्छूकडची मंडळी मोहाखाली बसली, आमची त्यांच्यासमोर. दिवस कलायला लागला तेव्हा दोन्ही बाजूंचे म्हातारे एकमेकांना दोने द्यायला तयार झाले. तो दोना एकदा घेतला की सोयरीक पक्की. आत्या नवं हिरवं लुगडं नेसली होती, तिने वाटेत माझा दोना भरला, माझ्या गालाला ओला हात लावला आणि पुढे जाऊन बसली. मी दोना एका दमात रिकामा केला. डोळे अर्धे मिटले. मग उठले, आणि उठताना एका बाजूला झुकले, कारण बाबा तसे झुकतात हे मी पाहिलं होतं. आज तो प्रसंग आठवला की माझ्या अभिनयाची मला शरम वाटते. मी जीभसुद्धा बोबडी केली होती. अंगणाच्या मध्ये जाऊन मी म्हणाले, आत्याला जायचं नाही. ती माझ्याजवळ रडते. माय तिच्या ताटाकडे बघते, दुसऱ्या भाकरीवर नजर ठेवते, म्हणून चालली आहे ती, तिला काही लच्छू नको आहे.

ढोल आधीच थांबला होता, त्यामुळे प्रत्येक शब्द पार कुंपणापर्यंत गेला. माय भाताचा डाव हातात घेऊन उभी होती. तिने डाव खाली ठेवला नाही, वर उचलला नाही. बाबांनी मान खाली घातली. आत्या माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, जसं आपण वेचलेल्या फुलांची टोपली खाली ठेवून मागे वळतो आणि टोपली तिथे नसते.

लच्छूच्या मामाने हातातला दोना जमिनीवर ठेवला. म्हातारा कडक माणूस होता, पण न्यायाचा. घरातल्या कोणी शुद्धीवर असताना हरकत घेतली तर सोयरीक पुढे जात नाही. पिऊन घेतली तर ती बडबड. त्यामुळे त्याने एकच विचारलं, पण ते सगळ्यांना विचारलं.

"पोरगी पेली हाय काय?"

घरच्यांनी माझ्या हातात दोना पाहिला होता, पण चढण्याइतकी प्यायले का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मी डोळे अर्धे मिटून झुलत उभी होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की या अंगणात आणखी एका माणसाला ते ठाऊक आहे. तिने पाणी दिलं म्हणून सांगितलं असतं तर मी शुद्धीवर बोलले असा अर्थ झाला असता आणि तिचा पाट तिथेच मोडला असता. मायचं आणि तिचंही कायमचं फाटलं असतं. आणि मीही गेले असते, कारण शुद्धीवर घर उघडं पाडणाऱ्या पोरीला आमच्याकडे कोण जवळ करणार. आत्याने म्हाताऱ्याकडे पाहिलंच नाही. माझ्याचकडे बघत म्हणाली, "पेली हाय. म्याच भरून दिली."

मग आजी मोठ्याने हसली. मास्तरणीला चढली म्हणाली, आणि सगळं अंगण हसलं, एकदम, सुटल्यासारखं. म्हाताऱ्याने दोना उचलला. ढोल सुरू झाला. कोणीतरी मला धरून ओसरीवर आणून आडवं केलं आणि अंगावर पोतं टाकलं. मी डोळे मिटून पडले होते, पूर्ण शुद्धीवर, आणि ढेमशाच्या ठेक्यावर जमीन माझ्या पाठीखाली थरथरत होती. पिणाऱ्याला झोप तरी लागते.

सकाळी आजी तांब्या घेऊन उभी राहिली तेव्हा मला हाक मारून बोलावलं. पहिल्यांदाच. मी ओंजळ पुढे केली. आली शेवटी आमच्यात, असं काहीसं आजी म्हणाली, आणि मग रीतीप्रमाणे, "सांड कालचं." मी चूळ भरली, थुंकले. मोठ्या काकांनी पाठीत धपका घातला, चुलतबहिणी माझ्या झुलण्याची नक्कल करून दाखवू लागल्या, बाबा माझ्याकडे बघून चक्क हसले. इतकी वर्षं ज्या रांगेच्या बाहेर उभी होते त्या रांगेत मला घेतलं होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. आत्यानेही चूळ भरली. मायनेही. दोघींनी एकमेकींच्या पाठीवरून हात फिरवला. मायने आत्याच्या गाठोड्यात भाकरी बांधल्या, बांधून झाल्यावर पुन्हा गाठोडं सोडलं, आणखी भाकरी घातल्या, आणि गाठ मारताना मान दुसरीकडे फिरवली. आत्या निघाली. तिने सगळ्यांच्या गळ्यात हात घातले. माझ्या डोक्यावरून नुसता तळवा फिरवला, आणि गाठोडं उचलून वाटेला लागली.

त्यानंतरचे महिने कसे होते ते फार सांगत नाही. बाज मोठी झाली होती. माझ्या पोटऱ्या गरम होत्या आणि कोणाला त्यांची गरज नव्हती. घरात त्या दिवसाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, कारण रीत रीत होती. पण मायचं एक सुरू झालं. जेवायला वाढलं की ती चुलीकडे तोंड करून बसायची. कोणीही जेवत असो, बाबा, मी, पाहुणे, ती ताटाकडे बघायची नाही. भाकर हवी का, हे ती पाठमोरीच विचारायची. पुढे माझं लग्न झालं, माझ्या घरी ती राहायला आली, नातवंडांना भरवायची पाळी आली, तरी घास देताना तिची नजर भिंतीवर. माझ्या पोरांना वाटे, आजीची मान दुखते. मला कारण ठाऊक होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही. आज हे लिहिलं, तेवढंच.

दिवाळीला आत्या माहेरी आली. लच्छूमामाही आला, आता त्याला मामा म्हणावं लागे, आणि आल्या आल्या त्याने अंगणात कोणाची तरी अशी हुबेहूब नक्कल केली की मलाही हसू आलं आणि मी ते दाबलं. आत्या जाड झाली होती. माझ्याशी बोलली, इकडचं तिकडचं, बकऱ्यांचं, शेताचं, जसं शेजारच्या पोरीशी बोलतात तसं. मग दोने निघाले. आणि मला वाटलं होतं तसं झालं नाही. कोणी माझ्या ओटीत दागिने टाकले नाहीत, कोणी पोर आणून दिलं नाही. बाबा स्वतः आले, मोठ्या खुशीत, पहिल्या धारेची काठोकाठ भरून दोना माझ्या हातात दिला आणि समोर उभे राहिले, लेक पिते कशी ते बघायला. आता कशाला नाही म्हणणार? पाटाच्या दिवशी प्यायलीच होतीस ना, म्हणाले. आजी, काका, सगळे बघत होते. नाही म्हणावं तर त्या दिवशीही प्यायले नव्हते हे उघडं होणार, आणि माझ्याबरोबर आत्याचंही खोटं. प्यावं तर... चिक्कीचं सोडा, मला तो वासच सहन होत नव्हता. दोन्याच्या कडेने थेंब थेंब माझ्या मनगटावर ओघळत होते. इतक्या माणसांच्या मध्ये इतकं एकटं मला पुढे पुन्हा कधी वाटलं नाही, माझी माणसं सरणावर जळताना पाहिली तेव्हाही नाही.

आत्या घोळक्यातून उठली. हिचा दोना भरायचा मान माझा आहे, तू कशाला मध्ये पडतोस दादा, असं काहीतरी हसत म्हणत तिने तो माझ्या हातातून घेतला, चार थेंब जमिनीवर टाकले, उरलेली आपल्या दोन्यात ओतली. ओसरीवर माठाकडे गेली. पाठ सगळ्यांकडे होती, पण तिचा हात माठात बुडाला ते मी उभी होते तिथून मला दिसलं. परत येऊन तिने दोना माझ्या हातात दिला, बाबांचं समाधान झालं, ढोल वाजू लागला. आत्या नाचायला गेली नाही. माझ्या शेजारी टेकली, तिचा गार पाय माझ्या पायाला लागला, तो तिने तसाच राहू दिला. मी पाण्याचा घोट घेतला. ती अंगणाकडे बघत, माझ्याशिवाय कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलली.

"पी, पाणीच हाय. पण एक ध्यानात ठेव, पारू. आमच्या बोलण्याले सकाळ असते. तुया बोलण्याले नसते."